दुकानातल्या फोटोतला गवई : सिंधी गावकऱ्यांचा लाडका भगत कंवरराम

उल्हासनगर / बदलापूर : लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की आपल्या बाजूचा माणूस कुठे जातो? वांगणीचा असो, चामटोलीचा असो की नेवाळीचा, गाडी उल्हासनगरलाच वळते. गजानन मार्केटमध्ये गादीवर बसायचं, चहा यायचा, साड्यांचे थप्पे समोर पडायचे आणि बायकांची पसंती होईपर्यंत आपण पुरुष मंडळींनी भिंतीकडे बघत बसायचं.

त्या भिंतीवर दोन फोटो हमखास दिसतात. एक झुलेलालचा, माशावर बसलेला. तो बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरा एका माणसाचा. पायघोळ जामा, डोक्याला पगडी, पायात घुंगरू. गाता गाता कुणीतरी फोटो काढावा तसा. लहानपणापासून मी तो बघत आलो आणि सिंध्यांचा कोणीतरी देव असेल असं धरून चाललो. भाजी घेऊन पहाटे कॅम्पात जातो, तिथल्या दुकानांतही तोच फोटो. पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, हे कोण म्हणून.

पुतणीच्या बस्त्याला गेलो तेव्हा विचारलं. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी काही सांगायच्या आधी मोबाईल काढला आणि एक गाणं लावलं. जुनी तबकडी, नुसती खरखर. त्या खरखरीतून एक आवाज वर आला. सिंधी मला कळत नाही, पण साड्या बघणाऱ्या आमच्या बायकाही दोन मिनिटं थांबल्या. हे भगत कंवरराम. देव नव्हे, गवई. मग मी घरी येऊन शोधाशोध केली, माहीतगार लोकांना भेटलो, वाचलं. ते आता इथे लिहितो.

जन्म १३ एप्रिल १८८५ चा, बैसाखीच्या दिवशीचा. गाव जरवार, तालुका मीरपूर माथेलो. तेव्हा जिल्हा सक्कर होता, आता ते गाव पाकिस्तानातल्या घोटकी जिल्ह्यात येतं. वडील ताराचंद, आई तीरथबाई. गावात छोटंसं दुकान, परिस्थिती बेताची. बरीच वर्षं मूल नव्हतं. जवळच्या रहडकी गावच्या दरबारातले संत खोताराम यांच्या आशीर्वादाने मुलगा झाला अशी घरच्यांची श्रद्धा. नाव कंवर ठेवलं, म्हणजे कमळ. चिखलात उगवतं ते.

एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. इंग्रजांनी १८४३ साली तो जिंकला, पुढे मुंबईला जोडला आणि १९३६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चालला. म्हणजे जरवारचा हा पोरगा आणि बदलापूर-अंबरनाथचे आपले पणजोबा एकाच सरकारला शेतसारा भरत होते. सक्करला सिंधू नदीवर मोठं धरण झालं १९३२ साली, त्यालाही नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं. त्याचं पाणी खालच्या अंगाच्या लाखो एकरांना गेलं. कंवररामांचं गाव वरच्या अंगाला, त्यामुळे त्या गावाला त्याचा उपयोग नाही. बारवीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पोरगा शाळेत फारसा रमला नाही. आई घरी चणे उकडून द्यायची, ते टोपलीत घेऊन तो गावातून विकत फिरायचा. सिंधीत त्याला कोहर म्हणतात. विकताना नुसती हाळी द्यायची सोडून हा गाऊन विकायचा. आवाज असा की चणे नको असलेला माणूसही दारात यायचा. त्या काळी रहडकीच्या दरबाराची गादी खोतारामांचे चिरंजीव संत सतरामदास यांच्याकडे होती. ते स्वतः नावाजलेले भगत. त्यांच्या कानावर हा आवाज पडला आणि त्यांनी ताराचंदांकडे मुलगा मागून घेतला, असं सांगतात. गाण्याचे आणि पायाच्या ठेक्याचे पहिले धडे जरवारमधल्याच भाई हासाराम यांच्याकडे झाले. मग गुरूच्या मागे उभं राहून साथ. आधी मागचा झीलकरी, मग पुढचा गडी. आपल्याकडे फडात असंच शिकतात.

इथे जरा थांबून भगत म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तो शब्द आपल्याकडे वेगळ्या अर्थाने वापरतात. देवऋषी, अंगात येणारा वगैरे. सिंधमध्ये भगत हा गाण्याचा प्रकार आहे आणि तो करणाऱ्या माणसालाही भगतच म्हणतात. कीर्तन, भारूड आणि तमाशाचा फड हे तिन्ही एकत्र कालवले तर जे होईल त्याच्या आसपासचं काहीतरी. मुख्य भगत जामा-पगडी घालून, पायात घुंगरू बांधून मैदानात उतरतो. मागे साथीदार. भोवती गाव गोलाकार बसलेलं. आधी स्तवन, मग भजन, मग एखादी कथा. कथेत मध्येच गाणं, गाण्यात मध्येच नाच, नाचता नाचता गोलात फिरून लोकांशी बोलणं. सुरू व्हायचं रात्री जेवणं झाल्यावर, संपायचं पहाटे. लग्न, बारसं, जत्रा, कुणाचं वर्षश्राद्ध, भगत सगळ्याला लागायचा. आपल्या आगरी लग्नात धवलारीण लागते ना, तिच्याशिवाय हळद लागत नाही, तसं. हल्ली डीजे आला आणि धवलारीण कोपऱ्यात बसली ती गोष्ट वेगळी.

कंवरराम हे भगत घेऊन सिंधभर फिरले. गाडीने, बैलगाडीने, उंटावरून, पायी. आज एखादा गायक नवीन अल्बम काढतो, पोस्टर लागतात, मग तो गावोगाव कार्यक्रम करत फिरतो. कंवररामांच्याही तबकड्या निघाल्या होत्या, ग्रामोफोनवर वाजायच्या, आज मोबाईलवर ऐकतो त्या त्याच. पण तबकडी ऐकणारा तेव्हा हजारात एखादा. बाकीच्यांसाठी गायकाला चालत गावात यावं लागे. आणि यायचे म्हणजे एका गावात आले की आसपासच्या दहा गावांची माणसं कंदील घेऊन तिकडे निघत. ध्वनिक्षेपकाशिवाय मोकळ्या मैदानात रात्रभर गाणं म्हणजे छातीत काय दम लागत असेल. आमच्या गावच्या सप्त्यात दोन तासांच्या कीर्तनाला चार कर्णे लावतो आपण.

गायचे काय? हा मुद्दा महत्त्वाचा. कबीर, मीरा, सूरदास हे तर होतेच. पण त्याच बैठकीत शाह अब्दुल लतीफ आणि सचल सरमस्त. दोघेही मुसलमान सूफी. त्याच बैठकीत सामी, म्हणजे सिंधीतला हिंदू वेदांती कवी. ही तीन नावं सिंधी माणसाला आपल्या ज्ञानोबा-तुकोबा-एकनाथांसारखी. कंवरराम कुठलं कुणाचं असं वेगळं काढत नसत. ऐकणारेही काढत नव्हते. जमिनीवर पुढे बसलेला हारी, म्हणजे कूळ, बहुतेक मुसलमान असे आणि शेजारी बसलेला दुकानदार बहुतेक हिंदू असे. सिंधच्या खेड्यांची रचनाच तशी होती. सावकार आणि कूळ, दोघांत दिवसा हिशेबावरून वाजत असणार. कूळकायद्याच्या आधीचे दिवस ज्यांनी आजोबांकडून ऐकलेत त्यांना ते कळेल. पण रात्री भगत असला की दोघं एकाच सतरंजीवर.

आता पैशाची गोष्ट. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हेच, आवाज नंतर.

भगत गात असताना पदर पसरून पैसे गोळा करतो. झोळीच म्हणा. कंवररामांच्या झोळीत खूप पडायचे, चांदीचे रुपये, दागिनेसुद्धा. आणि पहाट झाली, भगत संपला की मैदान सोडायच्या आधी ती झोळी रिकामी व्हायची. आंधळे, पांगळे, विधवा, पोरकी मुलं, ज्यांना कार्यक्रम कुठे आहे हे बरोबर कळत असे आणि जे कडेला बसून असत, त्यांना तिथल्या तिथे वाटप. घरी नेऊन, मोजून, मग त्यातून दान असं नाही. जागेवरच. साथीदारांचा वाटा त्यांना मिळे. स्वतःच्या पोटासाठी त्या पैशाला हात लावायचा नाही, मेहनत करून खायचं, हा त्यांचा नेम होता असं सांगतात. शेताची कामं करायचे, मातीची पाटी उचलायचे.

आपल्याकडे गाडगेबाबा याच काळातले, १८७६ ते १९५६. त्यांनी पैशाला शिवायचंच नाकारलं आणि त्यांच्या नावाने धर्मशाळा उभ्या राहिल्या. कंवररामांनी पैसा घेतला, पण सूर्योदयापर्यंतच. दोघांची कधी गाठ पडली असती तर जमलं असतं चांगलं, असं मला उगाच वाटतं.

चमत्कारांच्याही गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती शिकारपूरची. भर बैठकीत एक बाई कपड्यात गुंडाळलेलं तान्हं घेऊन आली आणि याला अंगाई म्हणा अशी तिने विनंती केली. कंवररामांनी मूल हातात घेतलं, तेव्हा कळलं की ते गेलेलं आहे. बाईने ते सांगितलंच नव्हतं. ते गायला लागले, देवाला आळवत राहिले आणि मूल रडलं. सिंधी अंगाईला लोली म्हणतात, ती लोली आजही घराघरात म्हटली जाते. दुसरी गोष्ट सारंग रागाने पाऊस पडल्याची. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने बघावं. मी शेतकरी माणूस, सारंग गाऊन पाऊस पडत असता तर जूनच्या अखेरीला भाताच्या रोपाकडे बघत बसलो नसतो. पण गेलेलं पोर घेऊन ती आई वैद्याकडे न जाता गवयाकडे गेली, एवढं तरी त्या गोष्टीतून कळतं.

१९३९ साल उजाडलं. सक्कर शहरात नदीकाठी मंझिलगाह नावाची जुनी इमारत आहे. ती मशीद आहे, आमच्या ताब्यात द्या, अशी मुस्लिम लीगची मागणी. समोर नदीच्या बेटावर साधुबेला हे हिंदूंचं तीर्थ, त्यामुळे हिंदूंचा विरोध. सरकार अल्लाबक्ष सूमरो यांचं, ते लीगच्या विरोधातले. ऑक्टोबरात आंदोलन सुरू झालं, इमारतीचा ताबा घेतला गेला, गावोगावी सभा, भाषणं, अफवा. ज्या मैदानात काल भगत झाला त्याच मैदानात आज भाषण. एका इमारतीवरून शेजारी-शेजारी राहणारी माणसं एकमेकांकडे कशी बघायला लागतात हे मी जास्त लिहीत नाही.

कंवरराम मात्र आपला कार्यक्रम घेऊन फिरतच होते. मांझंद गावी एका वर्षश्राद्धाला भगत करून मंडळींसह गाडीने परत निघाले. मांझंद, दादू, लारकाना करत ती गाडी रूक जंक्शनला येते. या रूकचं वेगळेपण असं की इंग्रजांनी १८७९ साली अफगाणिस्तानातल्या कंदहारला न्यायची रेल्वे इथूनच सुरू केली होती. ती कंदहारला कधी पोहोचली नाही.

१ नोव्हेंबर १९३९. रात्रीची वेळ, गाडी रूकला उभी. त्या प्रसंगाची हकीकत अशी सांगतात की बंदूकधारी दोघे जण डब्याजवळ आले, कंवररामांना भेटले आणि आम्ही एका कामाला निघालोय, ते पार पडावं म्हणून दुवा द्या अशी विनंती केली. कंवररामांनी हात उचलून त्यांना यश चिंतलं आणि जवळची द्राक्षं प्रसाद म्हणून दिली. ते उतरले. थोड्या वेळाने खिडकीतून गोळ्या आल्या.

वय ५४. ज्याने कुणाशी वैर केलं नाही, ज्याच्या गळ्यात लतीफ आणि कबीर एकाच सुरात होते, त्याला त्याच्याकडूनच दुवा घेऊन मारलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोनदा उठलो. मारणाऱ्यांना तो माणूस कोण आहे हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

दिवाळी तोंडावर आलेली. त्या वर्षी सिंधच्या कित्येक हिंदू घरांत दिवे लागले नाहीत. आणि रडले ते एकटे हिंदू नाहीत, रात्र रात्र जागून त्यांना ऐकलेले मुसलमान कुळंही रडली. तिकडे सक्करला तीन आठवड्यांच्या आत पोलिसांनी मंझिलगाह रिकामी केली आणि दंगल उसळली. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत माणसं मारली गेली, घरं जाळली. सूमरोंचं सरकार पुढच्या वर्षी गेलं आणि १९४३ साली त्यांचाही गोळ्या घालून खून झाला.

सिंधमधून हिंदू निघून गेले ते फाळणीत, हे आपण शाळेत शिकतो. म्हातारी सिंधी माणसं मात्र सांगताना १९४७ पासून सुरू करत नाहीत, रूक स्टेशनपासून सुरू करतात. ज्या दिवशी कंवररामांना मारलं त्या दिवशी कळलं की आता इथे राहणं नाही, असं त्यांच्या घरात बोललं जायचं. प्रत्यक्ष लोंढा फुटला तो ६ जानेवारी १९४८ च्या कराचीच्या दंगलीनंतर. कराचीहून बोटी भरून मुंबईला. दहा लाखांच्या वर माणसं सिंध सोडून भारतात आली. त्यांतली जवळपास एक लाख आपल्या शेजारी आणून बसवली गेली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी त्या. पाच कॅम्प. म्हणून आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असं सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला नाव मिळालं, उल्हासनगर. आपल्या उल्हास नदीवरून.

महायुद्धाच्या कामासाठी सरकारने या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. नेवाळीच्या धावपट्टीच्या जमिनीवरून २०१७ साली काय पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे एकाची जमीन युद्धात गेलेली आणि दुसऱ्याची फाळणीत गेलेली, अशी ही दोन माणसं वालधुनीच्या काठावर समोरासमोर आली. सुरुवातीला एकमेकांची भाषा कळत नव्हती. ते बराकीत पापड लाटायचे, बिस्किटं-गोळ्या बनवून लोकलमध्ये विकायचे, आपली माणसं दूध-भाजी घेऊन जायची. मग व्यवहार जमला. त्यांचं भांडवल किती होतं त्याचा अंदाज नाही, पण सामानात बऱ्याच जणांनी हा फोटो आणला होता. जमीन आणता येत नाही, गाणं आणता येतं. कॅम्पात पहिल्या वर्षांत पाणी नव्हतं, संडास नव्हते, पण संध्याकाळी भगताची बैठक बसायची असं जुने लोक सांगतात. सिंधहून आलेले भगत होते, त्यांनी जामा-पगडी पेटीत ठेवली नाही.

आता ते फार कमी राहिले. पोरं हिंदी-इंग्रजीत शिकली. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, ती नव्या पिढीला वाचता येत नाही. गाणी कानावर टिकलीत तेवढीच. तरी १३ एप्रिलला आणि १ नोव्हेंबरला सिंधी वस्त्यांत कार्यक्रम होतात. अमरावतीत आणि जळगावात त्यांच्या नावाने कंवरनगर आहे. केंद्र सरकारने २०१० साली त्यांचं टपाल तिकीट काढलं. आणि सीमेपलीकडे जरवार गावातही त्यांना ओळखणारी माणसं आहेत, सिंधी मुसलमान गायक त्यांचं नाव घेतात, हे मोबाईलवर कुणीही बघू शकतं. गाणं लावा, खालच्या ओळी बघा, अर्धे अभिप्राय तिकडचे असतात.

बस्त्याच्या दिवशी त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून ते गाणं मी माझ्या मोबाईलवर घेतलं होतं. पुतणीच्या हळदीला डीजेवाल्याचा जनरेटर बंद पडला, तासभर अंधार. धवलारीण आजी ओट्यावर बसलेली. तिचं वय सत्तरच्या आसपास, अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवऱ्या तिच्या गाण्यावर उभ्या राहिलेल्या. तिला ती तबकडी ऐकवली. मान तिरकी करून, डोळे मिटून तिने ती शेवटपर्यंत ऐकली. कुठल्या गावचा म्हणून विचारलं. लांबचा आहे, आता नाही, एवढंच मी सांगितलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं.